मोठ्या फरशीचा काटकोनी काप

मोठ्या फरशीचा काटकोनी काप म्हणजे किमान एक बाजू ६०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब असलेली सिरॅमिक, व्हिट्रिफाइड अथवा दगडी फरशी तिच्या एका सरळ कडेशी नेमका ९० अंशांचा कोन राखून कापण्याची क्रिया होय. खोलीच्या कडेची ओळ, दाराचा उंबरा, खांब, जिन्याची पायरी आणि स्नानगृहाचा उतार अशा ठिकाणी अखंड फरशी बसत नाही. तेथे असा काप घ्यावा लागतो. लहान फरशीत दुर्लक्ष करण्याजोगी असलेली कोनातील चूक मोठ्या फरशीत कापाच्या लांबीच्या प्रमाणात वाढते व सांध्यातून ठळकपणे दिसू लागते. त्यामुळे या कामातील अचूकता यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा काप घेण्यापूर्वीची आखणी, साधनांची पडताळणी आणि फरशीला दिलेला आधार यांवर अधिक अवलंबून असते.

संज्ञा

'फरशी' हा शब्द अरबी-फारसी 'फर्श' या शब्दावरून मराठीत आला. मुंबई व कोकण परिसरात 'लादी' हा शब्दही रूढ आहे. भट्टीत भाजलेल्या गुळगुळीत फरशीला 'टाइल' म्हणतात. बोलीभाषेत तिचा उच्चार अनेकदा 'स्टाईल' असा होतो. काटकोन तपासण्याच्या साधनाला गवंडी व सुतार 'गुण्या' म्हणतात. एखादी भिंत किंवा कड काटकोनात असेल तर ती 'गुण्यात आहे' असे म्हटले जाते. पाते फरशीतून जाताना जेवढा भाग भुकटी होऊन नाहीसा होतो, त्या भागाच्या रुंदीला या लेखात 'छेदरुंदी' म्हटले आहे.

'काटकोनी काप' व 'सरळ काप' या दोन भिन्न गोष्टी आहेत. काप आरंभापासून अखेरपर्यंत एका रेषेत असेल तर तो सरळ होय. परंतु ती रेषा फरशीच्या आधारकडेशी ९० अंशांचा कोन करीत असेल तरच तो काटकोनी होय. अनेक कापांमध्ये रेषा निर्दोष असते व कोन चुकलेला असतो. असा दोष कापलेला तुकडा हातात असताना सहसा लक्षात येत नाही. तो शेजारच्या फरशीला लावल्यावरच दिसतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत शहाबादी, कडप्पा व कोटा या दगडांच्या फरश्या वापरल्या जात. त्या छिन्नी-हातोड्याने तासून बसवीत आणि सांधे रुंद ठेवीत. त्यामुळे कडेतील काही मिलिमीटरची वक्रता सिमेंटने झाकली जाई. पुढे सिमेंटच्या नक्षीदार फरश्या व मोझेक फरश्या आल्या. त्यांच्या बाजू साधारणपणे २०० ते ३०० मिलिमीटर असत, व बसवल्यानंतर संपूर्ण पृष्ठभाग यंत्राने घासून सपाट केला जाई.

१९९० च्या दशकानंतर भारतात व्हिट्रिफाइड फरशीचा प्रसार झाला. गुजरातमधील मोरबी हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. माती, फेल्डस्पार व क्वार्ट्झ यांचे मिश्रण मोठ्या दाबाखाली साच्यात दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले की काचेसारखी घट्ट, अत्यल्प पाणी शोषणारी फरशी तयार होते. प्रारंभी ६०० × ६०० मिलिमीटर हा आकार मोठा समजला जात असे. आज ६०० × १,२००, ८०० × १,६०० व १,२०० × १,८०० मिलिमीटर हे आकार निवासी इमारतींतही वापरले जातात. ६०० × १,२०० मिलिमीटर आकाराच्या व ९ मिलिमीटर जाडीच्या एका फरशीचे वजन सुमारे १५ किलोग्रॅम भरते.

आकार वाढला, परंतु सांधा मात्र अरुंद झाला. भाजल्यानंतर चारही कडा यंत्राने घासून अचूक मापाच्या केलेल्या फरशीला 'रेक्टिफाइड' फरशी म्हणतात. अशा दोन फरश्यांमध्ये २ मिलिमीटर इतकाही सांधा ठेवता येतो. त्या सांध्यात कापाची चूक १ मिलिमीटर असेल तर ती सांध्याच्या निम्म्या रुंदीएवढी ठरते. जुन्या रुंद सांध्यात जी चूक सहज सामावत असे, ती येथे लपत नाही.

भूमिती

कोनातील चुकीमुळे कापाच्या दुसऱ्या टोकाला पडणारा फरक कापाच्या लांबीच्या समप्रमाणात असतो. कोनात ०.१ अंशाची चूक झाल्यास पडणारा फरक पुढीलप्रमाणे :

• ३०० मिलिमीटर लांबीच्या कापात सुमारे ०.५ मिलिमीटर
• ६०० मिलिमीटर लांबीच्या कापात सुमारे १ मिलिमीटर
• १,२०० मिलिमीटर लांबीच्या कापात सुमारे २.१ मिलिमीटर
• २,४०० मिलिमीटर लांबीच्या कापात सुमारे ४.२ मिलिमीटर

चूक पाव अंशाची असेल तर १,२०० मिलिमीटरच्या कापात ५ मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. याच कारणाने लहान गुण्या मोठ्या फरशीसाठी अपुरा ठरतो. २०० मिलिमीटर भुजेच्या गुण्याने आखलेली रेषा तेवढ्या लांबीत अर्धा मिलिमीटर चुकली आणि तीच पट्टीने १,२०० मिलिमीटरपर्यंत वाढवली, तर टोकाशी ३ मिलिमीटर फरक पडतो. आखणीसाठी वापरलेले माप शक्य तितके कापाच्या लांबीएवढे असावे, हे तत्त्व यातूनच निघते.

काटकोन तपासण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत त्रिकोणाची. ज्या त्रिकोणाच्या बाजू ३ : ४ : ५ या प्रमाणात असतात तो काटकोन त्रिकोण असतो. ६०० × १,२०० मिलिमीटरच्या फरशीवर एका कोपऱ्यापासून आडव्या बाजूवर ४५० मिलिमीटर आणि लांब बाजूवर ६०० मिलिमीटर अंतरावर खुणा केल्यास त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ७५० मिलिमीटर भरले पाहिजे.

दुसरी पद्धत कर्णांची. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात. ६०० × १,२०० मिलिमीटरच्या अखंड फरशीचा कर्ण सुमारे १,३४१.६ मिलिमीटर असतो. फरशीची केवळ एक कड कापलेली असेल व ती ६०० मिलिमीटर रुंदीत १ मिलिमीटर तिरकी गेली असेल, तर दोन कर्णांत सुमारे ०.९ मिलिमीटर फरक पडतो. कर्णांची तुलना तुकडा लांब असताना विश्वसनीय असते. तुकडा अरुंद असेल तर तीच चूक कर्णांत फारच थोडी दिसते, म्हणून तेथे गुण्याच लावावा.

तिसरी पद्धत समांतरतेची. कारखान्यातून आलेली कड काटकोनात असल्याची खात्री असेल, तर दोन्ही लांब बाजूंवर त्या कडेपासून समान अंतर मोजून दोन खुणा कराव्यात व त्या जोडाव्यात. येथे गुण्याची आवश्यकताच उरत नाही. ही पद्धत सर्वांत सोपी असून मोठ्या फरशीत बहुधा सर्वांत अचूक ठरते. मात्र मूळ कड चुकीची असल्यास तीच चूक नव्या कडेत उतरते.

साधनांची पडताळणी

गुण्या नवा असला तरी तो काटकोनात असेलच असे नाही. त्याची परीक्षा करण्यासाठी त्याची एक भुजा एखाद्या सरळ कडेला टेकवून दुसऱ्या भुजेने रेषा आखावी. नंतर गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेषा आखावी. दोन्ही रेषा एकरूप झाल्या तर गुण्या बरोबर आहे. त्या एकमेकींपासून दूर गेल्या तर त्यांच्यातील अंतर गुण्याच्या प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते.

मोजपट्टीच्या टोकाचा आकडा वापराने सैल होतो अथवा वाकतो. सूक्ष्म मापासाठी पट्टी टोकापासून न धरता १०० मिलिमीटरच्या खुणेपासून धरतात व मिळालेल्या मापातून १०० वजा करतात. एका कामात आरंभापासून अखेरपर्यंत एकच मोजपट्टी वापरणे इष्ट असते.

कापयंत्राचा काटकोन तपासण्याची युक्ती गुण्याच्या परीक्षेसारखीच आहे. समांतर कडा असलेली एक फरशी यंत्रावर कापावी. दोन्ही तुकड्यांच्या खालच्या कडा एका सरळ पट्टीला टेकवून ठेवाव्यात. नंतर त्यांतील एक तुकडा असा पालथा करावा की त्याची वरची कड पट्टीला टेकेल, परंतु कापलेली कड दुसऱ्या तुकड्याकडेच राहील. दोन्ही कापलेल्या कडा पूर्णपणे जुळल्या तर यंत्र काटकोनात आहे. त्यांच्यात पाचरीसारखी फट दिसली तर फटीची सर्वाधिक रुंदी ही चुकीच्या दुप्पट असते. त्या मापानुसार यंत्राची आधारपट्टी सरकवून पुन्हा हीच परीक्षा घ्यावी. उंच-सखल जमिनीवर ठेवलेले यंत्र पिळवटते व त्याचा काटकोन बिघडतो. म्हणून यंत्र जागेवरून हलवल्यानंतर ही परीक्षा नव्याने करणे आवश्यक असते.

कापण्याच्या पद्धती

ओरखडा व भंग

हाताने चालवायच्या टाइल कटरमध्ये टंगस्टन कार्बाइडचे लहान चाक दांड्यावरून सरकते व फरशीच्या पृष्ठभागावर ओरखडा काढते. त्यानंतर दाब देऊन फरशी त्या रेषेवर मोडली जाते. या पद्धतीत फरशी वस्तुतः कापली जात नाही, तर तडा नियंत्रित रीतीने वाढवला जातो. ठिसूळ पदार्थ त्यातील सूक्ष्म तड्यांपासून भंग पावतात, हे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरील अभ्यासातून दाखवले. चाकाने केलेला ओरखडा हा असाच हेतुपूर्वक निर्माण केलेला तडा असतो. फरशी वाकवली की पृष्ठभागावरील ताण त्या तड्याच्या टोकाशी एकवटतो व तडा जाडीतून खाली उतरतो.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, ओरखडा एकाच दमात, समान दाबाने व कडेपासून कडेपर्यंत अखंड काढावा. तोच ओरखडा पुन्हा गिरवल्यास पृष्ठभागावर कपचे उडतात व तड्याला अनेक वाटा फुटतात. दुसरा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी रुंदी असावी. एका बाजूची पट्टी फार अरुंद असेल तर ती वाकण्यास पुरेसा भाग उरत नाही आणि तडा मधेच बाहेर वळतो. अशी पट्टी पात्यानेच कापावी लागते.

अतिशय मोठ्या फरशीसाठी चोषणकपांनी फरशीवर चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या मार्गदर्शक दांड्यावरून चाक फिरवतात. नंतर फरशी टेबलाच्या कडेवर घेऊन विशिष्ट चिमट्याने आधी एका व मग दुसऱ्या टोकाशी तडा सुरू करतात. या पद्धतीत धूळ जवळजवळ उडत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे.

पाण्यावर चालणारे कापयंत्र

या यंत्रात हिरकणी बसवलेले पाते फिरत असते व त्यावर सतत पाणी पडते. पाण्यामुळे पाते थंड राहते, भुकटी वाहून जाते आणि कड स्वच्छ येते. पात्याची कड अखंड असावी; खाचा असलेली पाती काँक्रीट व जाड दगडासाठी असतात, त्यांनी फरशीच्या चकाकीचे कपचे निघतात. अरुंद पट्ट्या, एकाच मापाचे अनेक तुकडे आणि दगडी फरशी यांसाठी ही पद्धत सर्वांत योग्य समजली जाते. यंत्राचे टेबल फरशीपेक्षा आखूड असेल तर बाहेर राहिलेल्या भागाला त्याच उंचीचा आधार द्यावा लागतो. नाहीतर फरशी आधारपट्टीपासून किंचित वळते व काप तिरका जातो.

मार्बल कटर व ग्राइंडर

भारतातील बहुतेक कामांच्या जागी १०० ते १२५ मिलिमीटर व्यासाचे पाते असलेले हातातले यंत्र वापरले जाते. केवळ हाताने धरून त्याने काटकोनी काप मिळणे कठीण असते. फरशीवर ॲल्युमिनियमची जाड, सरळ पट्टी दोन्ही टोकांना शिकंज्याने आवळून यंत्राचा तळ तिच्या कडेने सरकवल्यास काप सरळ येतो. पट्टी कापरेषेवर नव्हे, तर यंत्राच्या तळाची कड व पाते यांतील अंतराएवढी बाजूला लावावी लागते. हे अंतर एखाद्या टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन प्रत्यक्ष मोजणे श्रेयस्कर असते.

कृतीचा क्रम

१. आधारकड निश्चित करणे. फरशीच्या चार कडांपैकी एक कड पट्टी लावून सरळ असल्याचे पाहावे व तिच्यावर खूण करावी. त्या फरशीवरील सर्व मापे व यंत्राचा टेकू त्याच कडेशी असावा. मापे एका कडेपासून घेऊन फरशी दुसऱ्याच कडेने यंत्राला टेकवणे ही वारंवार घडणारी चूक आहे.

२. रेषा आखणे. टोकदार पेन्सिलीने बारीक रेषा आखावी. गडद वा अतिगुळगुळीत फरशीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर रेषा आखल्यास ती स्पष्ट दिसते व चकाकीही कमी उडते.

३. छेदरुंदी विचारात घेणे. पातळ हिरकणी पात्याची छेदरुंदी साधारण १.२ ते २ मिलिमीटर असते. पाते रेषेवर न ठेवता टाकाऊ भागाच्या बाजूला ठेवावे, अन्यथा तुकडा तेवढ्याने आखूड भरतो.

४. आधार देणे. फरशी संपूर्ण तळाखाली सपाट आधारावर असावी. कापाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे काप पूर्ण होईपर्यंत आपापल्या जागी राहिले पाहिजेत. एक तुकडा लोंबकळत राहिल्यास अखेरच्या काही सेंटिमीटरमध्ये तो स्वतःच्या वजनाने मोडतो व कोपरा तुटतो.

५. ताण मोकळा करणे. भट्टीतून थंड होताना मोठ्या फरशीत अंतर्गत ताण राहून जातो. सलग कापताना हा ताण एकाएकी सुटला तर तडा रेषा सोडून धावतो. म्हणून आधी एका टोकाकडून २५ ते ५० मिलिमीटर लांबीचा काप घेतात, नंतर दुसऱ्या टोकाकडून मुख्य काप सुरू करून तो पहिल्या कापाला मिळवतात. पाते कडेतून बाहेर पडताना कोपरा उडण्याचा धोकाही यामुळे टळतो.

६. काप घेणे. हातातल्या यंत्राने आधी २ ते ३ मिलिमीटर खोलीची वाट पाडावी, मग पूर्ण खोलीचा काप घ्यावा. पाते पुढे रेटू नये. रेटलेले पाते वाकते व कापाची उभी बाजू कलते. पाते बोथट होऊन चकचकीत झाले असल्यास घर्षक विटेवर दोन-चार काप घेतल्याने त्यातील हिरकणीचे नवे कण उघडे पडतात.

७. कड साफ करणे. कापलेली कड घर्षक दगडाने किंवा हिरकणी पॅडने हलकेच घासून तिचा तीक्ष्णपणा काढावा. घासण्याची दिशा चकाकीकडून खाली असावी.

आतल्या कोपऱ्याचा काप

दाराच्या चौकटीपाशी किंवा खांबापाशी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा काप घ्यावा लागतो. येथे दोन काटकोनी काप एका बिंदूत मिळतात. अशा तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि फरशी बसवल्यानंतरही तेथून तिरका तडा जाऊ शकतो. त्यामुळे कोपऱ्याच्या ठिकाणी आधी ६ ते १० मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडतात व दोन्ही काप त्या छिद्रापर्यंतच नेतात. काप कोपऱ्याच्या पुढे गेल्यास तो पुढील तड्याचा आरंभ ठरतो.

भिंतीशी असलेला संबंध

प्रत्येक काप काटकोनी असलाच पाहिजे असे नाही. फरशीच्या ओळी खोलीच्या मध्यातून आखलेल्या, परस्परांना काटकोनात असलेल्या दोन संदर्भरेषांना समांतर जातात. भिंती मात्र बहुधा पूर्णपणे गुण्यात नसतात. म्हणून जी कड दुसऱ्या फरशीला भिडते ती संदर्भरेषेनुसार काटकोनी असावी लागते, आणि जी कड भिंतीला भिडते ती भिंतीच्या कलानुसार कापावी लागते. भिंतीचा कल सांध्यांत शिरू दिल्यास ओळ फरशीगणिक सरकत जाते व खोलीच्या दुसऱ्या टोकाला ती चूक उघडी पडते.

उदाहरणार्थ, ३,०५० मिलिमीटर रुंदीच्या खोलीत ६०० मिलिमीटर रुंदीच्या फरश्या २ मिलिमीटर सांध्याने एका भिंतीपासून बसवत गेल्यास पाच फरश्यांनंतर केवळ ४० मिलिमीटरच्या सुमारास जागा उरते. एवढी अरुंद पट्टी कापणे कठीण असते व ती दिसतेही वाईट. त्याऐवजी मध्यभागी चार अखंड फरश्या ठेवल्यास त्या व पाच सांधे मिळून २,४१० मिलिमीटर जागा व्यापतात. उरलेल्या ६४० मिलिमीटरमधून दोन्ही भिंतींलगत प्रत्येकी ५ मिलिमीटर मोकळी फट सोडली, तर दोन्ही बाजूंना ३१५ मिलिमीटरचे समान तुकडे येतात. ही मोकळी फट तापमानाने होणाऱ्या प्रसरणासाठी आवश्यक असून ती स्कर्टिंगच्या जाडीखाली झाकली जाते.

भिंत गुण्यात नसल्यास प्रत्येक तुकड्याचे माप दोन्ही टोकांशी वेगवेगळे घ्यावे लागते. कारखान्यातून आलेली कड सांध्याकडे व कापलेली कड भिंतीकडे ठेवण्याचा प्रघात याच विचारातून पडला आहे. कापलेल्या दोन कडा दर्शनी भागात एकमेकींसमोर येणार नाहीत अशी आखणी करणे हे कुशल कारागिराचे लक्षण मानले जाते.

दोष व कारणे

• काप सरळ, पण कोन चुकलेला : आधारपट्टी सरकलेली, यंत्र पिळवटलेले अथवा आधारकड बदललेली.
• आरंभी बरोबर, अखेरीस वळलेला काप : फरशीचा बाहेरचा भाग निराधार, किंवा पाते जोराने रेटलेले.
• कड वरून खाली कललेली : पाते टेबलाशी लंब नसणे, किंवा हातातले यंत्र एका बाजूला झुकणे.
• चकाकीचे कपचे : खाचांचे किंवा बोथट पाते, अतिवेगाने सरकवणे. चकाकीचा थर पातळ असलेल्या फरशीत खालच्या मातीचा वेगळा रंग उघडा पडतो, त्यामुळे हा दोष अधिक उठून दिसतो.
• कोपरा तुटणे : तुकड्याला आधार नसणे, किंवा एकाच दिशेने पाते कडेबाहेर नेणे.
• प्रत्येक तुकडा थोडा आखूड : छेदरुंदी विचारात न घेणे.

मोठ्या फरशीच्या खोक्यात बहुधा दोनच नग असतात. भाजणीच्या प्रत्येक फेरीत रंगछटा किंचित बदलते. त्यामुळे चुकीने वाया गेलेल्या फरशीच्या जागी नंतर तशीच दुसरी मिळेलच याची शाश्वती नसते. याच कारणास्तव कापात व फुटीत जाणाऱ्या नगांसाठी आरंभीच साधारण दहा टक्के अधिक फरशी एकाच फेरीची मागवण्याची पद्धत आहे.

सुरक्षितता व आरोग्य

व्हिट्रिफाइड व दगडी फरशीत स्फटिकरूप सिलिका असते. कोरड्या पात्याने कापताना उडणाऱ्या धुळीतील अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत व श्वासाबरोबर फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. दीर्घकाळ असे कण साचल्याने सिलिकोसिस हा रोग होतो. त्यात फुप्फुसाच्या ऊती कठीण होत जातात. झालेली हानी भरून येत नाही आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेचा मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समावेश केला. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना सूचनीय रोगांत केली. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये या रोगासंबंधी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

हे नियम प्रामुख्याने कारखाने, खाणी व मोठ्या बांधकामांना डोळ्यांसमोर ठेवून झाले आहेत. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. घरातील एक-दोन खोल्यांची फरशी बसवणारे दोन-तीन कारागीर मात्र बंद खोलीत, कोरड्या पात्याने व तोंडाला रुमाल बांधून काम करताना आढळतात. रुमालातून सूक्ष्म कण अडत नाहीत. कापताना पात्यावर पाणी सोडणे, शक्य तेथे ओरखडा व भंग पद्धत वापरणे, काम उघड्या जागी करणे आणि एन-९५ किंवा त्याहून सरस दर्जाची मुखपट्टी घट्ट बसवून वापरणे हे प्रतिबंधाचे उपाय आहेत. वाळलेली भुकटी झाडूने लोटल्यास ती पुन्हा हवेत मिसळते. म्हणून ती ओली करून उचलावी.

पाणी व वीज एकत्र येत असल्याने यंत्राच्या जोडणीत ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी संरक्षक असावे. पात्यावरील संरक्षक कवच काढून टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. सैल हातमोजे व सैल बाह्या फिरत्या पात्यात अडकू शकतात. उडणाऱ्या कपच्यांपासून संरक्षणासाठी चष्मा व आवाजासाठी कानांचे संरक्षण आवश्यक असते. मोठी फरशी दोघांनी किंवा चोषणकपांच्या साहाय्याने, उभी धरून उचलावी. आडवी उचललेली फरशी स्वतःच्या वजनाने मध्यावर मोडू शकते.

अचूकतेचे निकष

फरशीची लांबी, जाडी, कडांचा सरळपणा, काटकोनिता व सपाटपणा मोजण्याची पद्धत आयएसओ १०५४५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेली आहे. दाबून तयार केलेल्या सिरॅमिक फरश्यांसाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे. ही मानके कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फरशीला लागू होतात. जागेवर घेतलेल्या कापाला नव्हे. कारखान्याच्या फरशीतही मानकाने मान्य केलेली अल्प तफावत असू शकते, हे आखणी करताना ध्यानात ठेवावे लागते.

जागेवरील कापासाठी व्यवहारात सांध्याची रुंदी हाच निकष धरला जातो. दर्शनी सांध्यात कापाची चूक डोळ्यांना जाणवू नये, इतपत ती सांध्याच्या तुलनेत लहान असावी. २ मिलिमीटरच्या सांध्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिलेला काप समाधानकारक मानता येतो. ६०० मिलिमीटर लांबीच्या कापात याचा अर्थ कोनातील चूक ०.०५ अंशाहून कमी असा होतो. इतकी सूक्ष्म चूक लहान गुण्याने ओळखता येत नाही. ती कर्णांच्या तुलनेने, तुकडा पालथा करण्याच्या परीक्षेने किंवा तुकडा प्रत्यक्ष जागेवर कोरडा ठेवून पाहिल्यानेच कळते. म्हणून चिकटद्रव्य लावण्यापूर्वी प्रत्येक कापलेला तुकडा जागेवर ठेवून पाहणे हा या कृतीचा अखेरचा टप्पा समजला जातो.

हेही पहा

• काटकोन
• पायथागोरसचा सिद्धान्त
• गवंडीकाम
• ओळंबा
• शहाबादी फरशी
• मोरबी
• सिलिकोसिस